जुन्या ॲनालॉग रेकॉर्डिंग कन्सोलची दुरुस्ती आणि फेरबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने १९७० आणि १९८० च्या दशकांत बनलेल्या, ट्रान्झिस्टरवर किंवा ऑप-ॲम्पवर (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या घटकावर) चालणाऱ्या मोठ्या कन्सोलविषयी, म्हणजे स्टुडिओत अनेक आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरविषयी, आहेत. कन्सोल आधी मूळ स्थितीत आणावा, मग तो मोजावा आणि त्यानंतरच त्यात बदल करावा, हा क्रम सर्व उत्तरांमध्ये गृहीत धरला आहे. ज्या कन्सोलचा आवाज ‘मंद’ किंवा ‘गढूळ’ वाटतो म्हणून मालक फेरबदलाचा विचार करू लागतो, त्या कन्सोलमध्ये बहुतेक वेळा मूळ रचनेचा दोष नसतो. सुकलेले कपॅसिटर, काळे पडलेले संपर्क आणि घसरलेला वीजपुरवठा यांचा तो एकत्रित परिणाम असतो.

अनेक वर्षे बंद असलेला कन्सोल पहिल्यांदा कसा सुरू करावा?

थेट सुरू करू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दीर्घकाळ वापराविना राहिला की त्यातील ऑक्साइडचा थर पातळ होतो, गळती वाढते, आणि पूर्ण व्होल्टेज एकदम मिळाल्यास तो तापून फुटू शकतो. म्हणून पॉवर सप्लाय कन्सोलपासून पूर्णपणे वेगळा करावा आणि त्याच्या मुख्य पुरवठ्याच्या वाटेत सिरीज बल्ब लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही. तो प्रखर जळतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून तिथेच थांबावे. त्यानंतर मोठ्या वॅटचे रेझिस्टर भार म्हणून जोडून प्रत्येक व्होल्टेज मोजावे. हे आकडे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतात: नीव्हच्या १०७३ सारख्या मॉड्यूलना (कन्सोलमध्ये बसणाऱ्या सुट्या चॅनलच्या भागांना) एकेरी २४ व्होल्ट लागतात, एपीआयच्या २५२० ऑप-ॲम्पवर बांधलेल्या कन्सोलमध्ये धन आणि ऋण १६ व्होल्ट असतात, तर एसएसएल ४००० मध्ये धन आणि ऋण १८ व्होल्ट.

भाराखाली तासभर व्होल्टेज स्थिर राहिले आणि ऑसिलोस्कोपवर (विद्युत लहरी दाखवणाऱ्या उपकरणावर, पुढे ‘स्कोप’) त्याची रेघ स्वच्छ दिसली, तरच कन्सोल जोडावा. तोही सर्व मॉड्यूल बाहेर काढून आधी रिकामा तपासावा, आणि मग तीन-चार मॉड्यूल बसवत, प्रत्येक वेळी विद्युतप्रवाह मोजत पुढे जावे. पुरवठ्याच्या वाटेत टँटलम कपॅसिटर असतील तर ही सावधगिरी दुप्पट महत्त्वाची ठरते, कारण टँटलम बिघडतो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होतो आणि शेजारचा ट्रॅक किंवा रेझिस्टर जाळतो. पॉवर सप्लाय बंद केल्यानंतरही मोठे कपॅसिटर भारित राहतात, हे कोणत्याही कामाआधी लक्षात ठेवावे. रेझिस्टरमधून त्यांचा भार उतरवावा आणि मीटरने खात्री करून मगच हात घालावा.

सतत घुमणारा हम येतो. तो कुठून येतो हे कसे ओळखावे?

प्रथम त्याची वारंवारता ऐकावी किंवा मोजावी, कारण निम्मे उत्तर तिथेच मिळते. मेन्सची वारंवारता जिथे ५० हर्ट्झ आहे तिथे ५० हर्ट्झचा मऊ, खोल घुमार बहुतेक वेळा अर्थ लूपमुळे (अर्थच्या तारांचे वर्तुळ तयार झाल्यामुळे) किंवा एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येतो. १०० हर्ट्झचा, किंचित चिरका आणि बोचरा आवाज मात्र रेक्टिफायरनंतरच्या रिपलचा, म्हणजे एसीचे डीसी केल्यावर उरणाऱ्या चढउताराचा, असतो आणि तो पॉवर सप्लायकडे बोट दाखवतो. जिथे मेन्स ६० हर्ट्झ आहे तिथे हेच आकडे ६० आणि १२० होतात.

रिपलचा संशय असेल तर मोठा कपॅसिटर, ब्रिज रेक्टिफायर आणि रेग्युलेटर या क्रमाने तपासावे. केवळ भाग बदलून समाधान मानू नये, जोडही पाहावेत. माझ्याकडे आलेल्या एका चोवीस चॅनलच्या कन्सोलमध्ये १०० हर्ट्झचा आवाज सुरू केल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी येई आणि कन्सोल थंड झाला की नाहीसा होई. त्यातील मोठे कपॅसिटर आधीच्या दुरुस्तीत बदलले गेले होते, त्यामुळे तिकडे पुन्हा पाहण्याचे कुणाच्या मनात आले नाही. पॉवर सप्लाय उघडून, कपॅसिटरचा भार उतरवून, भिंगातून एकेक डाख पाहताना मोठ्या कपॅसिटरच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली. जड कपॅसिटरच्या वजनाने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने डाख पायापासून सुटला होता, आणि तापल्यावर पाय थोडा हलला की संपर्क जाई. जुना डाख पूर्ण उपसून नवा दिला, कपॅसिटर पट्टीने पाटीला बांधला, आणि तो आवाज पुन्हा आला नाही.

अर्थ लूप शोधताना कन्सोलला जोडलेली सर्व बाह्य उपकरणे काढावीत आणि केवळ मॉनिटर ठेवून ऐकावे. शांतता मिळाली तर एकेक उपकरण परत जोडत जावे. ज्या जोडणीने हम परततो तिथे वाट सापडते. कित्येक जुन्या उपकरणांत एक्सएलआर या तीन पिनांच्या कनेक्टरची पहिली पिन थेट चॅसिसला (धातूच्या पेटीला) न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे केबलच्या शिल्डवरचा गोंगाट सरळ ॲम्प्लिफायरच्या संदर्भबिंदूत मिसळतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा दोष सविस्तर मांडल्यापासून तो ‘पिन वन प्रॉब्लेम’ या नावाने ओळखला जातो. पहिल्या पिनपासून चॅसिसपर्यंत जाड, आखूड तार देणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि माझ्या मते जुन्या कन्सोलमध्ये करता येणाऱ्या सर्व फेरबदलांत तो सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात जास्त फळ देणारा आहे.

हम घालवण्यासाठी मेन्सच्या प्लगमधील अर्थ कधीही काढू नये. ती तार आवाजासाठी दिलेली नसून माणसाच्या जिवासाठी दिलेली आहे. मायक्रोफोनच्या धातूला ओठ लावून उभा असलेला गायक त्याच चॅसिसला जोडलेला असतो.

फेडर, स्विच आणि पॅचबे हलवताना खरखर येते. क्लीनर फवारावा का?

आधी खरखरीचा प्रकार ओळखावा. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) हलवताना येणारी खरखर नेहमी धुळीमुळे येते असे नाही. आधीच्या टप्प्यातील कपॅसिटर गळू लागला आणि फेडरवर डीसी व्होल्टेज आले, तरी स्वच्छ फेडरसुद्धा खरखरतो. म्हणून फेडरच्या वरच्या टोकावर मीटर लावून डीसी आहे का हे आधी पाहावे. काही मिलिव्होल्टपेक्षा अधिक आढळल्यास दोष कपॅसिटरमध्ये आहे, आणि कितीही क्लीनर फवारला तरी तो जाणार नाही.

पेनी अँड जाइल्ससारखे फेडर कंडक्टिव्ह प्लास्टिकच्या पट्टीवर चालतात. त्यांच्यावर तीव्र द्रावक फवारल्यास सरकदांड्यांवरचे वंगण धुऊन जाते आणि पट्टीलाही इजा होऊ शकते. फेडर सोडवून, उघडून, पट्टी मऊ कापडाने हलकेच पुसणे आणि दांड्यांवर योग्य वंगणाचा अगदी पातळ थर देणे, हे वेळखाऊ काम असले तरी तेच करावे.

स्विचचे चांदीचे संपर्क हवेतील गंधकामुळे काळे पडतात. रोज वापरले जाणारे स्विच स्वतःला घासून स्वच्छ ठेवतात. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेले स्विच मात्र आवाज क्षीण करतात किंवा वाकवतात. पॅचबेच्या (केबल घालून सिग्नलची वाट बदलण्याच्या जॅकपट्टीच्या) नॉर्मल संपर्कांचीही हीच गत होते: केबल न घालता जिथून सिग्नल आपोआप पुढे जायला हवा, तिथेच तो अडतो. एखादे चॅनल अधूनमधून गायब होत असेल तर त्याच्या इन्सर्टच्या (चॅनलच्या मध्ये बाहेरचे उपकरण जोडण्याच्या) जॅकमध्ये केबल दहा-बारा वेळा घालून काढून पाहावी. चॅनल परत आले तर दोष तिथेच आहे. मॉड्यूलच्या सोनेरी एज कनेक्टरवर खोडरबर घासण्याची सवय सोडावी, कारण त्याने सोन्याचा पातळ मुलामा खरवडला जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड पुरेसे असते.

सर्वच्या सर्व कपॅसिटर बदलावेत का?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, आणि उष्णतेत लवकर सुकतात. तापमान दर १० अंश सेल्सिअसने घटले की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्यामुळे एकाच कन्सोलमध्ये रेग्युलेटरच्या शेजारचा कपॅसिटर मेलेला आणि मीटरच्या पाटीवरचा धडधाकट, असे नेहमी आढळते. चाळीस वर्षे जुन्या कन्सोलमधील इलेक्ट्रोलिटिक कधीतरी सर्व बदलावे लागतील हे खरे, पण ते एका आठवड्यात बदलू नयेत. पाचशे-सहाशे भाग एकदम बदलले की त्यात एखादा उलट्या ध्रुवांचा, एखादा अर्धवट डाखलेला, एखाद्या ठिकाणी उचकटलेला ट्रॅक असे नवे दोष शिरतात, आणि जुना दोष कोणता आणि नवा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही.

क्रम असा ठेवावा: आधी पॉवर सप्लाय, मग एक चॅनल. त्या चॅनलचे नॉइज, विकृती आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स बदलाआधी आणि बदलानंतर मोजावेत. फरक मोजता आला तर उरलेली चॅनल घ्यावीत. पाटीवर कपॅसिटर काढून न घेता तपासण्यासाठी ईएसआर (अंतर्गत रोध) मीटर उत्तम, कारण सुकलेल्या कपॅसिटरची धारिता कधी कधी ठीक दिसते पण अंतर्गत रोध अनेक पटींनी वाढलेला असतो.

धारितेचे आकडे वाढवण्याचा मोहही आवरावा. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहमच्या पुढे असेल तर त्याची कटऑफ वारंवारता सुमारे १.६ हर्ट्झ येते, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्टीच्या खूप खाली. तिथे १०० मायक्रोफॅरड बसवून आवाजात खोली येत नाही. स्विच दाबताना बसणारा दणका मात्र मोठा होतो आणि सर्किट स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. फिल्म आणि पॉलिस्टायरीन कपॅसिटरना, ते तडकलेले नसतील तर, हात लावण्याचे कारण नाही. इक्वलायझरचा स्वभाव त्यांच्याच धारितेवर ठरलेला असतो.

जुन्या ऑप-ॲम्पच्या जागी आधुनिक ऑप-ॲम्प बसवला तर आवाज सुधारेल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सर्वाधिक कन्सोल याच कामात बिघडतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

काही जागी सुधारणा निश्चित होते. ७४१ या जुन्या ऑप-ॲम्पचा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) दर मायक्रोसेकंदाला केवळ ०.५ व्होल्ट असतो, तर २० किलोहर्ट्झला १० व्होल्ट शिखराचा सिग्नल न वाकवता द्यायचा असेल तर सुमारे १.२६ व्होल्ट लागतात. तिथे ७४१ कमी पडणार हे गणितानेच सिद्ध होते, आणि ५५३४ हा वेगवान ऑप-ॲम्प बसवण्याला अर्थ आहे. मात्र ५५३४ तीनपेक्षा कमी गेनवर (सिग्नल वाढवण्याच्या पटीवर) बाहेरून भरपाई मागतो. पाच आणि आठ क्रमांकाच्या पिनांमध्ये २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर दिला नाही तर तो ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे स्वतःहून कंप निर्माण करू लागतो.

टीएल०७२ काढून ५५३२ बसवणे हा त्याहून प्रचलित बदल आहे, आणि त्यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली गोष्ट विद्युतप्रवाहाची. टीएल०७२ साधारण २.८ मिलिॲम्पियर घेतो आणि ५५३२ साधारण ८, म्हणजे प्रत्येक चिपमागे ५.२ मिलिॲम्पियरची वाढ होते. बत्तीस चॅनल आणि प्रत्येकात आठ चिप धरल्या तर २५६ चिपमागे ही वाढ १.३ ॲम्पियरच्या पुढे जाते. पुरवठा धन आणि ऋण १८ व्होल्टचा असेल तर कन्सोलच्या पेटीत जवळपास ४८ वॅटची जास्तीची उष्णता तयार होते, आणि ती त्याच कपॅसिटरना सुकवते जे आपण नुकतेच बदलले. पॉवर सप्लायची क्षमता तितकी आहे का, हे आधी मोजल्याशिवाय पहिली चिपही काढू नये.

दुसरी गोष्ट इनपुट बायस करंटची, म्हणजे चिपच्या इनपुटमधून वाहणाऱ्या बारीक डीसी प्रवाहाची. टीएल०७२ च्या इनपुटला जेफेट प्रकारचे ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांचा बायस करंट नगण्य असतो. ५५३२ चा मात्र साधारण २०० नॅनोॲम्पियर असतो. तो १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून गेला की २० मिलिव्होल्ट डीसी तयार होते. मूळ रचनाकाराने टीएल०७२ च्या भरवशावर तिथला कपॅसिटर वगळला असेल, तर आजवर शांत असलेला पॉट (फिरवण्याचा नॉब) किंवा स्विच अचानक खरखरू आणि ठोके देऊ लागतो. जिथे सर्किटचे रोध मोठे आहेत तिथे टीएल०७२ हीच योग्य निवड होती आणि आजही आहे. ५५३२ चा कमी नॉइज केवळ लहान रोधांच्या सर्किटमध्येच पदरात पडतो.

एलएम४५६२ सारख्या अतिवेगवान चिपच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. त्याची गेन-बँडविड्थ (वेगाचे एक माप) ५५ मेगाहर्ट्झ आहे, आणि लांबलचक ट्रॅक, चिपपासून दूर ठेवलेले डीकपलिंग (पुरवठा स्थिर ठेवणारे) कपॅसिटर आणि एकाच पट्टीवरून फिरणारा पुरवठा अशा जुन्या पाटीवर ती सहज ऑसिलेट होते. हे ऑसिलेशन थेट ऐकू येत नाही. आवाज दाणेदार होतो, चिप हाताला गरम लागते, आणि स्कोपवर सिग्नलची बारीक रेघ लोकरीच्या धाग्यासारखी जाड आणि केसाळ दिसते. कित्येकांना हाच दाणेदारपणा काही दिवस ‘अधिक तपशील’ वाटतो. म्हणून ऑप-ॲम्प बदलल्यावर किमान काही मेगाहर्ट्झपर्यंत दाखवणाऱ्या स्कोपवर प्रत्येक टप्पा पाहणे अनिवार्य आहे. चिपच्या पुरवठ्याच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर दिल्याने बहुतेक प्रकरणे शांत होतात.

सर्व फेडर खाली असतानाही मुख्य बसवर (सर्व चॅनल एकत्र येणाऱ्या वाटेवर) हिस (सततचा ‘स्स’ आवाज) येते. हा दोष आहे का?

काही प्रमाणात ती रचनेतच असते. व्हर्च्युअल अर्थ पद्धतीच्या बसवर बत्तीस चॅनल सारख्या रेझिस्टरमधून एकत्र येत असतील, तर मिक्स ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज तेहेतीस पटींनी, म्हणजे सुमारे ३० डेसिबलने, उचलला जातो. म्हणूनच कन्सोलमध्ये एखाद्याच ठिकाणी उत्तम ऑप-ॲम्प बसवायचा असेल तर ते ठिकाण हेच. न वापरलेली चॅनल बसवरून सोडवणारे स्विच असतील तर ते वापरावेत. फेडर खाली ओढण्याने तेवढा लाभ होत नाही, कारण रेझिस्टर बसला जोडलेलाच राहतो.

एका चॅनलचा आवाज फाटतो. सुरुवात कुठून करावी?

ते मॉड्यूल शेजारच्या जागेत बसवावे. दोष मॉड्यूलबरोबर गेला तर तो मॉड्यूलमध्ये आहे. जागेवरच राहिला तर कनेक्टर, वायरिंग किंवा पॅचबेमध्ये. मॉड्यूलमध्येच असल्यास एक किलोहर्ट्झचा, ०.७७५ व्होल्टचा म्हणजे शून्य डीबीयूचा सिग्नल देऊन सर्किटच्या मध्यावर, बहुधा इन्सर्टच्या जागी, स्कोप लावावा. तिथे सिग्नल स्वच्छ असेल तर पुढचा अर्धा भाग तपासावा, नसेल तर मागचा, आणि असेच अर्धे-अर्धे करत जावे. अधूनमधून येणारा फटफट आवाज असेल तर संशयित ट्रान्झिस्टरवर फ्रीझ स्प्रेचा छोटा फवारा मारून आवाज बदलतो का ते ऐकावे.

इनपुट आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढून टाकले तर आवाज अधिक स्वच्छ होईल का?

आकड्यांत होऊ शकेल, पण ज्या कारणासाठी तो कन्सोल जपला जातो ते कारणच त्यात निघून जाण्याची शक्यता मोठी आहे. नीव्ह १०७३ चा आउटपुट ट्रान्सफॉर्मर क्लास ए (ज्यात प्रवाह सतत वाहतो अशा) टप्प्याचा डीसी प्रवाह वाहून नेण्यासाठी हवेची फट ठेवूनच बनवलेला आहे. त्याच्या जागी फट नसलेला दुसरा बसवला तर गाभा संपृक्त होईल. दुसरे म्हणजे ६०० ओहमचा भार गृहीत धरून बनवलेला ट्रान्सफॉर्मर आजच्या १० किलोओहमच्या इनपुटला जोडला की वरच्या पट्टीत उठाव येऊ शकतो, आणि तो मालकाला दोष वाटतो. भाराचा रेझिस्टर लावून आधी मोजावे. मायक्रोफोनच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजू नये. मीटरचा डीसी प्रवाहही त्याचा नाजूक गाभा चुंबकित करण्यास पुरेसा असतो.

फँटम पॉवर (मायक्रोफोनच्या केबलमधूनच जाणारी वीज) दिल्यावर काही मायक्रोफोन गोंगाट करतात. का?

४८ व्होल्ट ज्या दोन ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जातात ते एकमेकांशी जुळलेले नसावेत. त्यांचा नेमका रोध फारसा महत्त्वाचा नाही, पण दोघांमधील फरक ०.४ टक्क्याच्या आत असायला हवा. एकाच पाकिटातील रेझिस्टर मोजून जोड्या लावाव्यात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इनपुटमध्ये फँटमच्या वाटेतले गळके कपॅसिटरही असाच गोंगाट करतात.

जुन्या ऑटोमेशनचे (फेडरच्या हालचाली लक्षात ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारे ॲम्प्लिफायर) काढून साधे फेडर जोडावेत का?

ऑटोमेशनचा संगणक बंद पडला असेल आणि तो पुन्हा चालवायचा नसेल, तर हा विचार रास्त आहे. परंतु व्हीसीएला दोष देण्याआधी त्यांची सिमेट्री (धन आणि ऋण अर्ध्यांचा समतोल) जुळवून पाहावी. डीबीएक्स कंपनीच्या जुन्या मॉड्यूलमध्ये ट्रिमर सरकला की सम हार्मोनिक विकृती वाढते, आणि डिस्टॉर्शन मीटर पाहत स्क्रू थोडासा फिरवला की ती लक्षणीय घटते. तरीही बदलायचेच ठरले तर टीएचएटी कॉर्पोरेशनचे २१८१ वापरून बनवलेली पर्यायी मॉड्यूल हा मधला मार्ग आहे, कारण त्यात ग्रुप फेडर आणि म्यूटची व्यवस्था शाबूत राहते. व्हीसीए पूर्ण वगळल्यास या दोन्ही सोयी जातात, आणि हे कित्येकांच्या काम संपल्यानंतर लक्षात येते.

केलेल्या बदलांची नोंद कशी ठेवावी?

सर्किटच्या मूळ आकृतीची प्रत काढून तिच्यावर लाल शाईने बदल लिहावा, तारीख घालावी आणि ती प्रत कन्सोलच्याच पेटीत ठेवावी. पाटी उघडण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर, व्हीसीए आणि मूळ ऑप-ॲम्प चॅनलचा क्रमांक लिहिलेल्या पिशवीत जपावा. ट्रॅक कापायचा असेल तर तो तारेने परत जोडता येईल अशा जागी कापावा, आणि चिप थेट डाखण्याऐवजी चांगल्या प्रतीचा सॉकेट बसवावा. एक चॅनल बदलले की शेजारचे चॅनल किमान महिनाभर जसेच्या तसे ठेवावे, आणि दोन्हींवर तोच मायक्रोफोन, तोच गेन ठेवून ऐकत राहावे. उरलेल्या तीस चॅनलचा निर्णय त्यानंतर घ्यावा.